रस्ता कुणाचा, टेबल कुठलं, महिना कोणता? मुंबईत आपल्या परिसराच्या कामात उतरणाऱ्यांसाठी

गल्लीतल्या उघड्या गटाराचा फोटो काढायचा, सोशल मीडियावर टाकायचा आणि महापालिकेला टॅग करायचं, ही आता सर्वांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. खड्डा बुजवण्यापुरतं त्याने कामही होतं. पदपथ, पावसाळी गटार, मैदान, सार्वजनिक शौचालय यांसारखी पुढची दहा वर्षं टिकायला हवीत अशी कामं मात्र तशी होत नाहीत. ती तीन प्रश्नांवर अडतात: जागा कुणाच्या ताब्यात आहे, कागद कुठल्या टेबलावर जायला हवा, आणि तो वर्षातल्या कुठल्या महिन्यात जायला हवा. यांची उत्तरं ज्याच्याकडे असतात त्याच्याशी वॉर्ड ऑफिसातला माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

घर स्वतःचं असायला हवं असं मुळीच नाही. भाड्याने राहणाऱ्यालाही तक्रार, पत्र, हरकत, माहिती अधिकाराचा अर्ज हे सगळं करता येतं. सोसायटीच्या सभेत मत मात्र सभासदालाच असतं. भाडेकरूंनी तिथे घरमालकाला किंवा एखाद्या समंजस सभासदाला बरोबर घ्यावं.

आधी आपला पत्ता महापालिकेच्या हिशेबात समजून घ्या

बृहन्मुंबई महानगरपालिकेचा कारभार १८८८ च्या अधिनियमावर चालतो. शहराचे प्रशासकीय विभाग अक्षरांनी ओळखले जातात. दादर-माहीम-धारावी जी उत्तरमध्ये, वरळी-प्रभादेवी जी दक्षिणमध्ये, अंधेरी पश्चिम ते वर्सोवा के पश्चिममध्ये, घाटकोपर एनमध्ये, मुलुंड टीमध्ये. वर्षानुवर्षं हे विभाग २४ होते. मालाडच्या पी उत्तरसारख्या अवाढव्य विभागाचं अलीकडे विभाजन झालं, त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबू नका. मालमत्ता कराच्या देयकावर खाते क्रमांकाची सुरुवातच विभागाच्या अक्षरांनी होते. सोसायटीच्या सचिवाकडून ते एकदा पाहून घ्या.

निवडणुकीचे प्रभाग वेगळे, ते २२७ आहेत. बोलताना लोक दोन्हींना वॉर्डच म्हणतात आणि पहिला गोंधळ इथेच होतो. नगरसेवक प्रभागाचा असतो, इंजिनिअर विभागाचा. दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याखाली तुमच्या भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, लिहून ठेवा. तो मालमत्ता पत्रकावर सापडतो. आज त्याचा उपयोग दिसणार नाही, पण विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा) किंवा मैदानाचा विषय निघाला की त्याच्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

काम कुणाचं आहे?

मुंबईत नागरिकांची सर्वाधिक शक्ती इथेच वाया जाते. एकाच गल्लीत पाच यंत्रणा असू शकतात. पथदिव्याचंच पाहा. शहर भागात दिवे बेस्ट पाहते, उपनगरांत बहुतांश ठिकाणी अदानी इलेक्ट्रिसिटी आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. तक्रारीत खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. ‘देवळाजवळचा दिवा’ असं लिहिलं तर माणूस येऊन चालू दिवा बघून परत जातो.

रस्त्याखालच्या झाकणांचंही तसंच. पावसाचं पाणी वाहून नेणारी ती पर्जन्य जलवाहिनी, शौचालयांचं सांडपाणी नेणारी ती मलवाहिनी. दोन्हींची खाती वेगळी. शिवाय टेलिफोन आणि वीज कंपन्यांचे चेंबर वेगळे. झाकणावर अक्षरं कोरलेली असतील तर ती वाचा आणि त्यांचाही फोटो जोडा. कोरड्या दिवशीही आत पाणी वाहतंय आणि वास मैल्याचा आहे, तर बहुधा ती मलवाहिनी. पावसाळी गटारातच मैला येत असेल, तर कुणीतरी बेकायदा जोडणी केली असण्याची शक्यता मोठी. ती तक्रार साफसफाईची म्हणून न करता जोडणी शोधण्यासाठी करायची, नाहीतर दर पंधरवड्याला गटार साफ होतं आणि पुन्हा तुंबतं.

जागेच्या मालकीतही असेच प्रकार. म्हाडा वसाहतीतला अंतर्गत रस्ता, पूर्व किनाऱ्यावरची बंदर प्राधिकरणाची जमीन, स्टेशनला लागून असलेला रेल्वेचा पट्टा, जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातली जमीन, आणि सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे खासगी अभिन्यासातला (लेआउटमधला) रस्ता, जो बिल्डरने महापालिकेला कधी हस्तांतरितच केलेला नसतो. अशा रस्त्यावर पालिकेचा इंजिनिअर डांबर टाकायला तयार नसतो आणि कागदोपत्री त्याचं बरोबरही असतं. तिथे पहिली मागणी दुरुस्तीची करू नका, हस्तांतरणाची करा. शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीची दुरुस्ती म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) २०२२ मध्ये पालिकेकडे आले, तरी लोक अजून जुन्याच दारात जातात. गतिरोधक हवा असेल तर वॉर्ड ऑफिसबरोबर वाहतूक पोलिसांनाही पत्र द्या, कारण त्यांच्या मताशिवाय ती फाइल हलत नाही.

पहिली तक्रार

महापालिकेच्या मदतवाहिनीचा १९१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. झाड कोसळणं, पाणी साचणं, इमारतीचा भाग पडणं यांसारख्या प्रसंगी थेट फोनच करा. रोजच्या तक्रारी माय बीएमसी ॲपवरूनही करता येतात. दोन्हीकडे तक्रार क्रमांक मिळतो. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

तक्रारीत चार गोष्टी हव्यात: नेमकी जागा (रस्त्याचं नाव, इमारत, खांब क्रमांक), काय बिघडलं आहे त्याचं मोजमाप, कधीपासून, आणि काय करून हवं आहे. उदाहरणार्थ: ‘अमुक मार्गावर, अमुक इमारतीच्या फाटकासमोर, खांब क्रमांक अमुक, पर्जन्य जलवाहिनीची सुमारे दोन फूट लांबीची जाळी तुटली आहे. ३ तारखेपासून उघडी आहे. जाळी बदलून मिळावी.’ बस, एवढंच. वैतागाची वाक्यं लिहायचा मोह होतो, पण इंजिनिअर ती वाचत नाही. फोटो दोन द्या, एक जवळून आणि एक लांबून, मागे दुकानाची पाटी दिसेल असा.

पाण्याच्या तक्रारीला जरा जास्त तयारी लागते. ‘पाणी कमी येतं’ याला उत्तर ठरलेलं असतं: ‘दाब बरोबर आहे.’ म्हणून आठवडाभर, सोसायटीच्या तळटाकीत पाणी सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ रोज लिहा, आणि टाकी किती इंच भरली तेही. शेजारच्या दोन इमारतींचं तेच. तीनही इमारतींत कमी असेल तर दोष बहुधा मुख्य वाहिनीकडे, एकाच इमारतीत असेल तर तुमच्या जोडणीत किंवा गंजलेल्या नळीत. नळीचा खर्च तुमचा आहे हे आधीच कळलेलं बरं. पाणी गढूळ किंवा वासाचं असेल तर नमुना घेऊन तपासायची लेखी मागणी करा आणि अहवालाची प्रत मागा.

काम न होताच तक्रार ‘बंद’ होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. कारण बहुतेक वेळा साधं असतं: ती चुकीच्या खात्याकडे गेलेली असते आणि त्या खात्याने ‘आमचं नाही’ म्हणून शेरा मारलेला असतो. शेरा वाचा, मग त्याच दिवशीचा फोटो आणि जुना क्रमांक देऊन योग्य खात्याकडे नवी तक्रार करा. दोनदा असं झालं की ॲप बाजूला ठेवून कागद हातात घ्या.

वॉर्ड ऑफिसला पत्र

पत्र विभागाचे प्रमुख असलेल्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे, विषय एकच. खड्डे, फेरीवाले, कुत्रे आणि कचरा एकाच पत्रात आले की ते एका टेबलावर जातं, तो कारकून आपल्यापुरतं उत्तर देतो आणि बाकीचे तीन विषय तिथेच संपतात. चार विषय असतील तर चार पत्रं द्या. दोन प्रती न्या, आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ही पोच नसेल तर पत्र दिलेलंच नाही असं समजा.

पत्र आत कुठे जातं ते माहीत असावं. रस्ते, पदपथ आणि लहान गटारं परिरक्षण खात्याकडे, अनधिकृत बांधकाम इमारत व कारखाने खात्याकडे, कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे, पाणी जलकामे खात्याकडे, डास कीटकनाशक खात्याकडे, झाडं उद्यान खात्याकडे. प्रत्येक ठिकाणी उतरंड साधारण अशी: कनिष्ठ अभियंता, दुय्यम अभियंता, सहाय्यक अभियंता. कचऱ्यासाठी तर थेट चौकीवरच्या मुकादमाशी ओळख करून घ्या. गाडी कुठल्या वेळी कुठल्या गल्लीत जाते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पंधरा दिवसांनी पोच घेऊन भेटायला जा. दुपारनंतर गेलेलं बरं, कारण सकाळी अभियंते साइटवर असतात. भेटीत एकच प्रश्न विचारा: ‘फाइल सध्या कुणाकडे आहे?’ आणि शक्य असेल तर अभियंत्याला जागेवर बोलवा. दहा मिनिटांच्या संयुक्त पाहणीत जे ठरतं ते तीन पत्रांत ठरत नाही. पाहणीनंतर त्याच दिवशी, काय ठरलं ते चार ओळींत लिहून त्याला पाठवा. एवढं करूनही हललं नाही तर सहाय्यक आयुक्त, आणि त्यांच्यावर परिमंडळाचे, म्हणजे काही विभाग मिळून केलेल्या गटाचे, उपायुक्त. मुंबईत अशी सात परिमंडळं आहेत. थेट आयुक्तांना लिहिलेलं पत्र फिरून त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे येतं, फक्त महिन्याभराने.

लोकशाही दिनाचाही, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायच्या दिवसाचाही, पर्याय आहे. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट विषय तिथे घेत नाहीत. आधी खालच्या पातळीवर केलेल्या पाठपुराव्याचे कागद जोडलेले असावेत.

माहिती अधिकार: प्रश्न विचारू नका, कागद मागा

‘रस्ता अजून का झाला नाही?’ हा माहिती अधिकारातला प्रश्न नव्हे, आणि त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. मागायचं असतं ते कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, अंदाजपत्रक, झालेल्या कामाची मापं नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेची पानं आणि कंत्राटातला दोषदायित्व कालावधी. शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे. रस्ता दोषदायित्व कालावधीत असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. प्रतींसाठी पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याला २० रुपये. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथे प्रकरणं फार काळ पडून राहतात. म्हणून पहिल्या अपिलातच काम होईल असा नेमका अर्ज लिहिण्यावर मेहनत घ्या. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पुष्कळांना माहीत नसलेली सोय म्हणजे सोमवारची दुपार. २०१८ च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फाइल एकदा डोळ्यांखालून घातली की नेमकी कुठली सहा पानं मागायची ते कळतं.

एकट्याने किती दिवस?

वर्षभर टिकायचं तर गट हवा. इमारतींच्या भागात यासाठी प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट), ही रचना आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधून ती पुढे आली. एका गल्लीतल्या सोसायट्यांनी मिळून समिती करायची, इमारतींची यादी, सह्या आणि समन्वयकाचं नाव देऊन विभाग कार्यालयात नोंद करायची. आमच्या मते आठ-दहा इमारती पुरेत. तीस झाल्या की बैठक जमत नाही. काही विभागांत एएलएमच्या बैठका नेमाने होतात, काही ठिकाणी ती कागदावरच आहे, तेव्हा नोंद झाल्यावर पहिली बैठक तुम्हीच लेखी मागून घ्या.

पहिलं काम कचऱ्याचं घ्या, कारण त्याचा परिणाम महिन्याभरात दिसतो. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा होणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा पालिकेचा आग्रह २०१७ पासून आहे. खताचा खड्डा फसतो तो बहुधा ओलाव्याने: ओल्या कचऱ्याइतकाच आकारमानाने कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा न घातल्यास पाणी सुटतं, वास येतो, अळ्या होतात आणि पुढच्या सभेत तो बंद करायचा ठराव येतो.

झोपडवस्तीत एएलएमचा साचा चालत नाही. तिथे कामाची सुरुवात शौचालयापासून होते. वस्ती स्वच्छता कार्यक्रमात बांधलेली सामूहिक शौचालयं स्थानिक संस्थाच चालवतात. तुमच्या शौचालयाची संस्था कुठली, तिची नोंदणी चालू आहे का, कुटुंबाच्या पासाचे पैसे कुठे जमा होतात आणि वीज-पाण्याची देयकं कुणाच्या नावावर आहेत, हे आधी शोधा. पुष्कळ ठिकाणी संस्था एकाच माणसाच्या खिशात असते. बचत गटातल्या बायकांना समितीवर घेतलं की हिशेब भिंतीवर लागायला लागतो. रात्री दिवा आहे का, दाराला आतून कडी आहे का, हेही त्याच पहिल्यांदा विचारतात.

सह्यांची मोहीम करताना नाव, पत्ता आणि सही तिन्ही घ्या. सोसायटीच्या लेटरहेडवर सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत जोडलीत तर त्या पत्राचं वजन दोनशे सुट्या सह्यांहून अधिक. वार्षिक सभा साधारण ३० सप्टेंबरपर्यंत होतात. विषय पत्रिकेवर यावा म्हणून सचिवाला ऑगस्टमध्येच पत्र द्या.

महिना

आयुक्त महापालिकेचा अर्थसंकल्प ५ फेब्रुवारीपर्यंत मांडतात. २०२५-२६ चा अंदाज ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. विभागांकडून मागण्या मात्र त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आगेमागे गोळा व्हायला लागतात. म्हणून नवा पदपथ, उद्यानाची दुरुस्ती, शौचालयाची पुनर्बांधणी अशी खर्चाची मागणी ऑक्टोबरमध्ये लेखी द्या, फेब्रुवारीत अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ती शोधा, नसेल तर मंजुरीपूर्वी, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, नगरसेवकामार्फत उचलून धरा. मे महिन्यात रस्त्याची मागणी करणं व्यर्थ. तेव्हा खोदकामं आवरायची घाई असते आणि पावसाळ्यात नवी खोदाई बंद असते. मेमध्ये पाहायचं ते नाल्याकडे: गाळ काढून काठावरच ठेवला आहे का, की उचलून नेला. काठावरचा गाळ पहिल्या जोरदार सरीत परत आत जातो.

नगरसेवक मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं नव्हतेच, प्रशासकाचा कारभार होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ती साखळी पुन्हा जुळली आहे. नगरसेवकाकडे जाताना तोंडी गाऱ्हाणं न नेता पोच असलेली पत्रं न्या आणि त्यांना नेमकं काय करायला सांगताय ते ठरवून जा: प्रभाग समितीत (आपल्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीत) प्रश्न विचारणं, निधीतून छोटं काम, किंवा सभागृहात ठरावाची सूचना. प्रभाग समितीला ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देता येते. तिच्यावर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात, हे कायद्यात आहे आणि फार कमी लोक ते मागतात.

हरकती

इथे मुदत चुकली की सगळं संपलं. झाड तोडण्याची नोटीस झाडावर चिकटवली जाते आणि हरकतीला सात दिवस असतात. फोटो काढून, झाडांची संख्या, जात आणि नोटिशीचा क्रमांक लिहून वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत द्या. ‘झाडं वाचवा’ एवढ्याने भागत नाही. भिंत चार फूट सरकवली तर कुठलं झाड वाचतं, असं लिहा. आवारातल्या झाडाची नुसती छाटणी करायची असेल तरीही सोसायटीला परवानगी घ्यावी लागते.

मैदानाचं आरक्षण बदलायचं तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते, आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. हरकतीत नगर भूमापन क्रमांक, आराखड्यातलं आरक्षण आणि तुमची मागणी एवढं असावं. ‘मला समक्ष सुनावणी द्यावी’ हे वाक्य शेवटी हवंच. हरकतींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०१५ चा विकास आराखड्याचा मसुदा आठवत नसावा. चुकांवर एवढा गदारोळ झाला की तो एप्रिलमध्ये बाजूला ठेवावा लागला, सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. एकसारख्या मजकुराच्या शेकडो ईमेल मात्र सुनावणीत एकच हरकत म्हणून निकालात निघतात. दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे मांडलेले बरे.

मतदार यादीतलं नाव अजून गावच्या किंवा जुन्या पत्त्यावर असेल तर अर्ज क्रमांक ८ भरून ते इथे आणा, पहिल्यांदाच नोंदणी असेल तर क्रमांक ६. महापालिकेची यादी विधानसभेच्याच यादीवरून तयार होते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून नाव लागत नाही.

आणि फाइलची एक झेरॉक्स दुसऱ्याच्या घरी ठेवा. पहिल्या पानावर विभाग, प्रभाग, भूमापन क्रमांक आणि अभियंत्यांची पदं लिहा. नावं पेन्सिलीने, कारण बदल्या होतात. मागे तारखेच्या क्रमाने पोचा लावा. समन्वयकाने घर बदललं की गट बंद पडतो, तो बहुतेक वेळा याच एका कारणाने: सगळे कागद त्याच्या कपाटात असतात आणि तक्रारींचे क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये.